पंधरा फुटांवरचा मुक्काम

थाप मारायची तर कोरड्या जमिनीवरची मारावी, आणि मारताना बायको दुसऱ्या खोलीत आहे ना, हे आधी पाहून घ्यावं. हा सल्ला मला चौसष्टाव्या वर्षापर्यंत कोणी दिला नाही. आता मी तो फुकट वाटत असतो.

पाणीपुरवठा खात्यात मी तेहेतीस वर्षं मीटर तपासले. पाण्याशी माझा संबंध तेवढाच. ते काचेच्या पलीकडे वाहायचं आणि मी अलीकडे उभा राहून आकडा टिपायचो. दोघांचंही बरं चाललं होतं. पण एका रविवारी साडूच्या घरी जेवण झाल्यावर त्याने समुद्राखाली काढलेले माशांचे फोटो तिसऱ्यांदा दाखवायला घेतले, आणि मला राहवलं नाही. तरुणपणी मी पोलादी शिरस्त्राण घालून धरणाच्या तळाशी उतरलो होतो आणि अडकलेला दरवाजा एकट्याने उघडला होता, असं मी सांगून टाकलं. सुरुवातीला खोली वीस फूट होती. हात धुऊन सगळे पुन्हा बसेपर्यंत साठ झाली. दरवाज्यामागे दबा धरून बसलेल्या माशाचा आकार मी इथे देत नाही. शेवटी शेवटी तो मलाच आवरेनासा झाला होता.

आमची ही ऐकत होती. हिने बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर निळ्या खडूने तिने जितके समुद्र रंगवले ते सगळे खरे असते, तर उभं राहायला कोणाला जमीन उरली नसती. पण त्या निळ्या रंगाखाली काय आहे, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने साडूला विचारलं, की भाऊजी, हे या वयात शिकवतात का. साडू म्हणाला, शिकवतात की, पण पाण्याखाली एकट्याला सोडत नाहीत, जोडीदार लागतो.

"जोडीदार आहे," ही म्हणाली. "आणि यांना तर अनुभवही आहे."

साडूने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत हिने माझ्याबरोबर कुठेतरी जायचा हट्ट पहिल्यांदाच धरला होता, आणि ते ठिकाण पाण्याखाली होतं.

अर्ज चार पानी होता. खात्यातल्या नोकरीने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे: रकान्यात काही लिहिलं की त्यावर प्रश्न येतात. म्हणून मी सवयीने 'निरंक' लिहीत गेलो. दमा: निरंक. हृदयविकार: निरंक. कानाचे विकार: निरंक. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण हाताला एकदा लय सापडली की तो थांबत नाही. पोहण्याचा अनुभव: निरंक. अपघात झाल्यास कोणाला कळवावे: निरंक. अर्जदार पुरुष की स्त्री: निरंक. अर्ज परत आला आणि सोबत डॉक्टरचा दाखला मागणारी चिठ्ठी आली. ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला शारीरिक दाखला हवा होता की मानसिक, हे मोघम ठेवलं होतं.

दाखल्यासाठी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे होमिओपॅथ होते. त्यांनी प्रकृती तीन मिनिटांत तपासली, पण नमुन्यात श्वास आत घेऊन आणि बाहेर सोडून छाती किती, असे दोन रकाने होते आणि त्यांच्याकडे टेप नव्हती. शेजारच्या शिंप्याकडून आणली. तिचे सुरुवातीचे चार इंच झिजून गळून पडलेले होते, हे शिंप्याला ठाऊक होतं, तो मनातल्या मनात वजा करायचा. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे कागदोपत्री माझी छाती चव्वेचाळीस इंच आहे. तो दाखला मी जपून ठेवला आहे.

शिकवणी एका शाळेच्या तरणतलावात होती. शिकवणाऱ्याला सगळे 'वेल्डर' म्हणत. पंधरा वर्षं बंदरात पाण्याखाली राहून जहाजांच्या बुडांना ठिगळं जोडण्यात गेलेली, त्यामुळे माणूस मितभाषी. पाण्यात बोलता येत नाही, आणि बाहेर बोलायची सवय राहिली नव्हती. त्याने आम्हाला रबरी सूट दिले. ते सूट अंगात चढवणं म्हणजे पायमोज्यात गादी भरण्यासारखं आहे. हिने माझा ओढला, मी हिचा ओढला, आणि अखेर आम्ही दोघं काळी वांगी दिसू लागलो तेव्हा वेल्डरने पाठीवर सिलिंडर आणि कमरेला शिशाचा पट्टा चढवला.

तोंडातल्या नळीने श्वास घेणं मला जमलं. छातीएवढ्या पाण्यात गुडघे टेकून बसणंही जमलं. घोडं अडलं ते मास्कपाशी. डोळ्यांवरचा आणि नाकावरचा तो काचेचा मास्क पाण्याखाली पूर्ण काढायचा, दहा आकडे मोजायचे, परत लावायचा आणि नाकाने फुंकर मारून आतलं पाणी घालवायचं, अशी परीक्षा होती. तोंडात नळी आहे, हवा येते आहे, सगळं कळतं. पण नाकाला पाणी लागलं की माझ्या आतला कोणीतरी दार ठोठावू लागतो. चारवर पोहोचलो की मी बुचासारखा वर उसळून बाहेर येऊ लागलो. पहिल्यांदा मी वेल्डरला सांगितलं की तलावाच्या फरशीला उतार आहे. दुसऱ्यांदा सांगितलं की पाण्यात क्लोरीन प्रमाणाबाहेर आहे, हे मी खात्याच्या अनुभवावरून सांगतो. तिसऱ्यांदा काठावर जाऊन बसलो.

हिने पहिल्याच प्रयत्नात मास्क काढला, दहा मोजले, कपाळावरची बट मागे केली आणि मास्क लावला.

वेल्डरने नियम समजावले. पुढच्या रविवारी पुन्हा परीक्षा, त्याच्या पुढच्या रविवारी बोट. मी पास झालो नाही तर बाईंची जोडी त्यांच्या मेहुण्यांशी लावता येईल, ते येणारच आहेत आणि त्यांना जोडीदार नाही. साडूही पोहायला आला होता, हे ऐकत तो अंग पुसत होता. त्याच्या पोटरीला कातडी म्यानात सुरी बांधलेली असते. समुद्रात लागते म्हणतो. घरी त्याला कांदा चिरू देत नाहीत.

येताना ही रिक्षात म्हणाली, "भाऊजींबरोबर जाईन की. बिघडतं काय?"

बिघडत काहीच नव्हतं. तिला समुद्राचा तळ दिसला असता, आणि तो साडूने दाखवला असता, आणि पुढची वीस वर्षं दर रविवारी जेवणानंतर दोघांनी मिळून मला तो सांगितला असता. मी रिक्षाबाहेर बघत राहिलो. तीही पलीकडच्या बाजूला बघत राहिली. बोलताना तिचा सूर नेहमीपेक्षा जरा जास्त सरळ होता. बत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला नापास मुलाशी कसं बोलायचं ते कळतं.

तेव्हा मी ठरवलं की सराव करायचा, आणि कोणाच्या नजरेसमोर नाही.

बादलीत करून पाहिला. बादलीत तोंड मावतं, सिलिंडर मावत नाही, आणि सिलिंडर वेल्डर घरी देत नव्हताच. त्याने फक्त मास्क आणि वर निघणारी आखूड नळी दिली होती. मग मला गच्चीवरची टाकी आठवली. आमच्या चार मजली इमारतीची पाणी समिती म्हणजे मी. अध्यक्ष मी, सदस्य मी, आणि टाकीच्या झाकणाची किल्लीही माझ्याकडे. नियम क्रमांक चौदा, 'टाकीत कोणीही हात, भांडे अथवा इतर वस्तू बुडवू नये', हा मीच लिहिलेला. त्यात 'समितीचा अध्यक्ष' असा स्पष्ट उल्लेख नाही, हे मी त्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता पुन्हा वाचून पाहिलं.

दोनदा साबण लावून आंघोळ केली. तरणतलावाच्या शिस्तीची सवय म्हणून रबरी टोपी घातली, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उतरलो. आत गार होतं, अंधुक होतं, आणि कोणी बघत नव्हतं. मास्क काढला. चारपर्यंत गेलो. पुन्हा काढला, सहा झाले. सातव्याला नाकाने नेहमीचं नाटक केलं, मी धडपडलो, आणि माझी टोपी निसटून कुठे गेली ते दिसलं नाही.

टोपी खाली जाणाऱ्या पाइपच्या तोंडावर जाऊन बसली होती, हे मला मागाहून कळलं. आधी फोन वाजला. तो मी टाकीच्या कठड्यावर ठेवला होता. इमारतीचे सेक्रेटरी बोलत होते. डाव्या बाजूच्या चारही स्वयंपाकघरांत नळ बंद पडलेत, पाणी समितीने ताबडतोब लक्ष घालावं.

"लक्ष घातलंय," मी म्हणालो. "अगदी जवळून बघतोय."

"कुठे आहात तुम्ही?"

"टाकीपाशी."

माणसाने एवढं तरी खोटं बोलायला हवं होतं की मी बाजारात आहे. पण मला खरं बोलायची सवय नसल्याने कधी, किती बोलावं याचा अंदाज नाही. पाच मिनिटांत सेक्रेटरी, होमिओपॅथ, समोरच्या वहिनी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या डाव्या बाजूच्या कुटुंबातले तिघं गच्चीवर आले. मी टाकीतून फक्त मान बाहेर काढून होतो, आणि मानेवर मास्क होता. काय शोधताय, असं सेक्रेटरींनी विचारलं. बिघाड, असं मी म्हणालो. ते म्हणाले, सापडला.

टाकी रिकामी करून धुवावी लागली. दोन दिवस इमारतीत टँकर आला. नियम चौदाचा भंग झाला म्हणून नोटीस काढणं भाग होतं, आणि नोटीस काढण्याचा अधिकार समितीच्या अध्यक्षाला. मी मला नोटीस काढली. भाषा कडक ठेवली. ओळखीच्या माणसाला सवलत दिली असं व्हायला नको. खुलासा सात दिवसांत मागवला होता, तो मी दुसऱ्याच दिवशी सादर केला आणि असमाधानकारक म्हणून फेटाळला. सेक्रेटरी म्हणाले की त्यांनी पाहिलेल्या नोटिशींत ही सर्वांत निःपक्षपाती आहे.

त्यानंतर माझी भीती सार्वजनिक मालमत्ता झाली. जिन्यात भेटेल तो सल्ला देई. होमिओपॅथ म्हणाले, उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्या. पाण्याखाली दोन्ही बंद असतात, हे त्यांना पटवायला पाऊण तास गेला, तरी ते म्हणाले, मग डावी थोडी कमी बंद ठेवा. समोरच्या वहिनींच्या आतेभावाचा कान वीस फुटांवर फुटला होता आणि तेव्हापासून त्याला फक्त बायकोचा आवाज ऐकू येत नाही. हे त्या इशारा म्हणून सांगत होत्या की आमिष म्हणून, ते ठरवता आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले की माशाच्या डोळ्यांत पाहायचं नाही, तो मनाला लावून घेतो. सेक्रेटरींनी एवढंच विचारलं की समुद्राच्या पाण्याचीही समिती असते का.

 हिने मात्र टाकीच्या प्रकरणावर एक शब्द काढला नाही, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे फार वाईट लक्षण. शनिवारी ती फोनवर बहिणीशी बोलताना मी ऐकलं: भाऊजींना सांग, तयार राहा म्हणून.

रविवारी तलावावर वेल्डर मला एका बाजूला घेऊन बसला.  मग म्हणाला, "भीती वाटते ना?"

मी सांगणार होतो की धरणात साठ फुटांवर वाटली नाही ती इथे काय वाटणार. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्याच्या पायांना पंधरा वर्षांच्या खाऱ्या पाण्याने आलेल्या भेगा दिसत होत्या, आणि ते शब्द तिथेच राहिले.

"वाटते," मी म्हणालो.

"मलाही वाटायची," तो म्हणाला. "तुम्ही श्वास घेता, सोडत नाही. साठवून ठेवता. पाणीकपातीच्या काळात लोक पिंप भरतात तसं. आतली जुनी हवा सोडली नाही तर नवी जाणार कुठे? आधी सोडा. घ्यायचं आपोआप होतं."

तेहेतीस वर्षं मी लोकांना साठवू नका, साठवू नका असं सांगत फिरलो होतो. मी पाण्याखाली गेलो, आधी श्वास सोडला, आणि मास्क काढला. चार. सहा. नाक दार ठोठावत होतं. मी आणखी सोडला. नऊ, दहा. मास्क लावला, फुंकर मारली. वर आलो तेव्हा कळलं की मास्क उलटा लावला होता, नाकाचा खळगा कपाळावर होता. वेल्डरने थोडा विचार केला आणि म्हणाला, नियमात सरळ लावावा असं लिहिलेलं नाही. पास. साडू टाळ्या वाजवत होता. बिचारा मनापासून वाजवत होता, हे मला आजही आवडलेलं नाही.

बोटीचा रविवार उजाडला. समुद्र सपाट होता. साडूची जोडी एका दंतवैद्याशी लागली आणि दोघं सुरी आणि दात दाखवत पाण्यात गेले. बोटीपासून तळापर्यंत दोर सोडलेला होता, तीस फूट. त्याला धरून आम्ही उतरू लागलो: पुढे वेल्डर, मग मी, वर ही.

पंधरा फुटांवर मी थांबलो.

थांबायचं ठरवलं नव्हतं. हात दोराला चिकटले आणि माझं ऐकेनात. खाली हिरवट काळोख होता आणि त्यात दोर नाहीसा होत होता. मी वर पाहिलं, तिथे प्रकाश होता आणि हिचे पाय होते. ती माझ्या पातळीवर आली. मास्कमधून तिने माझे डोळे पाहिले, आणि मी नजर चुकवली. पण पाण्याखाली नजर चुकवायला जागा फार थोडी असते. वेल्डर परत वर आला. आमच्यासमोर पाण्यात मांडी घालून, हाताची घडी घालून तो तरंगत राहिला, जणू बस उशिरा येणार हे त्याला आधीच कळवलं होतं.

खालून साडू आणि दंतवैद्य आले. साडूने हिला खुणेने विचारलं, येता का? खाली बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवलं. त्याचं बरोबर होतं. तिने जायला हवं होतं. मीसुद्धा मान हलवून जा म्हणालो, आणि तेवढं एक त्या दिवशी मी खरोखर मनापासून बोललो.

तिने साडूला हाताने जा अशी खूण केली, आणि दोराला, माझ्या हाताच्या वर, आपला हात लावला.

मग आम्ही तिथेच राहिलो. पहिली पाच मिनिटं मी घाबरलो होतो. मुद्दाम सांगतो, चांगला घाबरलो होतो, माझी भीती उच्च दर्जाची होती. पण भीती टिकवायला मेहनत लागते. सहाव्या-सातव्या मिनिटाला ती जरा सैल पडू लागली. दोरावर पांढरे खवले जमले होते, त्यांच्या आत काहीतरी जिवंत होतं आणि केसांएवढे हात बाहेर काढून पाणी चाळत होतं. मी ते पाहत राहिलो. करंगळीएवढा पिवळा मासा आला, माझ्या काचेला तोंड लावून गेला. नजर तपासणीसाची असल्याने मी दोराची गाठ पाहिली, ती नीट होती. श्वास सोडला, घेतला. भीतीला माझा कंटाळा आला की मला भीतीचा, कोण जाणे. पण बारा मिनिटांनी मला वाटलं, इथे किती वेळ लटकायचं, खाली निदान टेकायला तरी मिळेल. हात सुटले. मी खाली निघालो, कोणाला न विचारता, आणि ही माझ्यामागे.

तळ वाळूचा होता. काळे दगड होते, त्यांवर पंख्यासारखं काहीतरी हलत होतं, आणि एका दगडाखालून एक ईल मासा आमच्याकडे बघत होता. त्याची लांबी सांगतो: हातभर. जास्त नाही. ही वाळूत गुडघे टेकून बसली. तिने तळहात वाळूवर फिरवला, अगदी हलके, फळा पुसावा तसा. मला वाटलं, आता अर्धा तास आपण इथे बसू.

तेवढ्यात तिने माझा दंड धरला आणि आपला हवेचा काटा दाखवला. काटा लाल पट्ट्यात शिरला होता. वेल्डरने पाहिलं, माझाही काटा उलटून पाहिला, आणि पुन्हा पाहिला. माझ्या सिलिंडरमध्ये अजून पाऊण हवा होती. त्याने वर बोट केलं. नियम असा की एकाची संपली की जोडीने वर यायचं. तळावर आम्ही पुरती चार मिनिटं होतो.

बोटीवर आम्ही शेजारी शेजारी बसलो. वेल्डर म्हणाला, पहिल्यांदा येणाऱ्याची हवा अर्ध्याच्या वर उरलेली मी पाहिली नाही, तुम्ही श्वास घेतच नव्हता की काय. मग त्याने हिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, बाई, तुमची एवढ्या लवकर कशी संपली? तलावात तर तुम्ही सगळ्यांत शांत होतात.

हिने टोपी काढली, केस पिळले. साडू वाकून ऐकत होता.

"घाबरायचं यांनी," ती म्हणाली, "आणि हवा संपायची माझी. लग्न झाल्यापासून हेच चाललंय."

सगळे हसले. ती हसली नाही. दोराला धरून तिच्या बोटांवर पडलेला लाल वळ अजून गेला नव्हता, तो ती अंगठ्याने चोळत होती. माझ्या तोंडातली नळी केव्हाच निघाली होती. तरी मला सांगण्यासारखी एकही गोष्ट सुचली नाही. मी तिचा हात घेतला आणि तो वळ मी चोळू लागलो.